घडीचं दहापट भिंग: झाडाची कीड ओळखायला किती पुरतं?

सराफ हिरा पाहायला वापरतात ते घडीचं छोटं भिंग. काच १८ ते २१ मिलिमीटर, वर धातूचं टोपण, मिटलं की अंगठ्याएवढं. साधं दोन-तीनशे रुपयांना मिळतं, तीन काचा चिकटवलेलं चांगलं त्याच्या काही पटीनं महाग. पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला असलेल्या झाडांची कीड ओळखायला ते कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे. पानावरच्या आणि कोवळ्या फांदीवरच्या किडीसाठी याहून चांगली खरेदी नाही. खोडाच्या आतल्या किडीसाठी सायकलच्या चाकाचा जुना आरा (तार) बरा. आणि भिंगावर कोरलेल्या आकड्यावर विसंबून घेतलंत तर हमखास फसाल.

आधी हा आकडाच घेऊ. 'तीसपट, २१ मिमी' असं कोरलेली भिंगं ऑनलाइन ढिगानं मिळतात. भिंग किती पट मोठं दाखवतं हे काढायला २५० ला त्याच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतरानं (लांबच्या वस्तूची प्रतिमा काचेपासून जिथे ठसठशीत पडते तिथपर्यंतचं अंतर) भागायचं. तीसपटीला हे अंतर जेमतेम ८ मिमी हवं. आता साध्या काचेची २१ मिमीची अख्खी गोटी केली तरी ती सोळापटीच्या पुढे जात नाही. तेव्हा एवढ्या रुंद काचेवरचा 'तीस' हा फक्त कोरीवकामाचा भाग आहे. दुकानातच परीक्षा घ्या: छताच्या ट्यूबलाइटची प्रतिमा भिंगानं कागदावर पाडा, ती ठसठशीत झाली की काच ते कागद अंतर पट्टीनं मोजा. २५ मिमीच्या आसपास भरलं तर दहापट, ५० भरलं तर पाचपट. मग आलेखाच्या कागदावर भिंग धरा. कडेच्या रेघा वाकल्या किंवा त्यांना जांभळी-पिवळी किनार आली तर काच एकच आहे. तीन काचांच्या भिंगात रेघा जवळजवळ कडेपर्यंत सरळ राहतात. किडीच्या कामात हा फरक जाणवतो, कारण पिठ्या ढेकणाच्या (मिलीबगच्या) अंगाभोवतीचे मेणाचे तंतू मोजायचे असतात आणि धुरकट कडेत ते मिसळून जातात. खरं वीसपट भिंगही मिळतं, पण त्यात पान काचेपासून साडेबारा मिलिमीटरवर धरावं लागतं. स्वतःचीच सावली पडते आणि हात थरथरतो. घेऊ नका.

बहुतेक जण भिंग पानावर धरतात आणि डोकं मागे घेतात. उलट करायचं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, भिंगाचा हात गालावर टेकवायचा आणि दुसऱ्या हातानं पान अडीच सेंटिमीटरवर आणायचं. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. उजेड बाजूनं येऊ द्या, म्हणजे खवल्यांची सावली पडून उंची कळते. पान नेहमी उलटं करून बघा. पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी पानाच्या पाठीवरच सापडतात. सोबत एक टाचणी, ब्लेड, पांढरा कागद आणि स्पिरिटची छोटी बाटली. एवढं नसेल तर भिंगाचा निम्मा उपयोग वाया जातो.

भिंगाचे पैसे सगळ्यात आधी वसूल होतात ते 'पांढरं काहीतरी' या तक्रारीत. चाफा, जास्वंद, विलायती शिरीष यांच्यावर पांढरं दिसलं की 'मिलीबग' असा पुकारा होतो आणि फवारणीवाला बोलावला जातो. पण पांढरं म्हणजे पाच-सहा वेगळ्या गोष्टी असू शकतात. भिंगाखाली अंडाकृती, चपटं, वलयं असलेलं अंग आणि कडेनं मेणाची झालर दिसली तर तो पिठ्या ढेकूण खरा. मग एकाला टाचणीनं कागदावर चिरडा. पिवळा रस निघाला तर पपईवरचा पिठ्या असण्याची शक्यता मोठी. हाच पिठ्या चाफा, जास्वंद, तुती आणि सागावरही येतो. गुलाबी-तांबडा रस आणि झाडाचे शेंडे आखडून गोळा झालेले असतील तर जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या. मागे दोन लांब शेपट्या आणि पाठीवर दोन गडद पट्टे असतील तर तिसराच, शेपटीवाला पिठ्या. पहिल्याबद्दल शंका राहिली तर चार-पाच ढेकूण स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. पपईचा पिठ्या एक-दोन दिवसांत निळसर काळा पडतो.

एवढी ओळख कशाला? कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. पपईचा पिठ्या भारतात २००८ मध्ये कोइमतूरला आढळला. २०१० मध्ये त्याच्यावर जगणाऱ्या तीन जातींच्या बारीक गांधिलमाश्या बाहेरून आणून सोडल्या गेल्या आणि त्यातल्या ॲसेरोफॅगस पपाये या जातीनं मुख्य काम केलं. वसाहतीत फुगलेले, तपकिरी, कडक झालेले आणि एका टोकाला गोल भोक असलेले ढेकूण दिसले तर त्या माश्या तुमच्या झाडावर येऊन गेल्या आहेत. अशा वेळी जहाल कीटकनाशक मारलं तर आधी त्या मरतात. ढेकूण मेणाखाली असतो, तो उरतो, आणि महिन्याभरात झाड पुन्हा पांढरं. 'फवारलं तरी परत आलं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

त्याच पांढऱ्या गर्दीत एखादा 'ढेकूण' इतरांच्या दुप्पट मोठा, लांब मेणाच्या झिपऱ्यांचा आणि भराभर चालणारा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी, पिठ्या ढेकूण खाणारी. पांढऱ्या पुंजक्यात चपटी अळी किंवा फांदीवर माकडाच्या तोंडासारखा दिसणारा कोष सापडला तर ते एप फ्लाय या फुलपाखराचं; त्याची अळीही पिठ्याच खाते. तो कोष दहापटीत एकदा बघाच. किडीशी काही देणंघेणं नसलं तरी पैसे फिटतात.

खवले कीड हे भिंगाचं दुसरं मोठं क्षेत्र. कडुनिंब, आंबा, पाम यांच्या पानांवर, काटक्यांवर चिकटलेल्या तपकिरी टिकल्या. प्रश्न एकच असतो: त्या जिवंत आहेत का? मेल्यावरही खवले महिनोन् महिने फांदीला चिकटून राहतात आणि मेलेल्या किडीवर फवारणी होत राहते. टाचणीनं खवला उलटा करा. खाली ओलं, पिवळट, फुगीर अंग किंवा अंड्यांची पूड असेल तर कीड जिवंत. कोरडा पापुद्रा निघाला तर ती संपलेली. खवल्यावर गोल भोक असेल तर आतून परोपजीवी बाहेर पडलेला आहे. वेगवेगळ्या फांद्यांवरचे वीस खवले उलटून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. वीसपैकी पंधरा कोरडे निघाले तर नुसत्या पाण्याचा जोर पुरे.

नारळाची पांढरी माशी गेल्या काही वर्षांत सोसायट्यांचं नवं दुखणं झालं आहे. सर्पिलाकार पांढऱ्या माशीची ही जात भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला नोंदली गेली. पातीच्या पाठीवर मेणाच्या पुडीत गोल-गोल फिरत घातलेली अंडी, नेहमीच्या पांढऱ्या माशीच्या जवळजवळ तिप्पट मोठी सुस्त माशी, आणि खालच्या झाडांवर, गाड्यांवर चिकटा (तिनं टाकलेला गोडसर स्राव). त्या चिकट्यावर काळी काजळी चढते आणि लोक घाबरतात ते तिलाच. काजळी ही चिकट्यावर वाढणारी बुरशी आहे, पान खात नाही. बोटानं पुसून निघाली तर पान खाली हिरवंच असतं. भिंगाखाली पातीवरचे कोष बघा. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कोषावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर दिसते. कोष काळपट असेल किंवा त्यावर गोल भोक असेल तर तिथे एन्कार्सिया ही परोपजीवी गांधिलमाशी आहे. काळे आणि भोकाचे कोष निम्म्याच्या आसपास असतील तर कीटकनाशक अजिबात नको. पातीच्या खालून जोरात पाणी मारा आणि थांबा. या माशीनं नारळ सहसा मरत नाही. अडचण इतकीच की पाती तीन मजले वर असते. खाली पडलेल्या झावळीवरून निदान करता येतं, मात्र ती ताजी हवी. आठवडाभर वाळलेल्या झावळीवर नुसती रिकामी कातडी सापडतात.

गाठी. इथे भिंगापेक्षा ब्लेड महत्त्वाचं, पण ब्लेडनं कापल्यावर बघायला भिंगच लागतं. सप्तपर्णीच्या पानांवरचे फोड आणि उंबराच्या पानांवरच्या गाठी कापल्या की आत पाय असलेलं चपटं पिल्लू दिसतं. ते सिलिड कुळातलं रस शोषणारं किडकं. पांगाऱ्याचे देठ आणि पानं सुजून वेडीवाकडी झाली असतील तर आत बिनपायांची पांढरी अळी, म्हणजे गांधिलमाशी. या जातीचं वर्णनच मुळी २००४ मध्ये झालं आणि पांगाऱ्यावर ती खरोखर जड जाते. सुजलेले शेंडे कापून नष्ट करण्यात अर्थ आहे. करंजाच्या पानांवर चामखिळीसारखे उंचवटे येतात. ते कापल्यावर आत किडा सापडत नाही, फार तर पांढुरकी धूळ. तो कोळी. पाव मिलिमीटरहूनही लहान, चारच पायांचा, आणि कीटक नव्हेच. त्यामुळे नेहमीची बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालतही नाहीत. दहापटीत तो नीट दिसत नाही हा भिंगाचा दोष मान्य करायला हवा. पण 'आत अळी नाही, पिल्लू नाही' एवढं पक्कं कळतं, आणि करंजाच्या बाबतीत तेवढंच पुरतं. दरवर्षी गाठी येतात, करंज दरवर्षी वाढतो. सप्तपर्णी आणि उंबराचंही तसंच.

फायकसची कुंपणं पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांची कोवळी पानं शिरेवर दुमडून बटव्यासारखी बंद झाली तर उघडून बघा: काळे चकचकीत फुलकिडे, फिकट पिवळी पिल्लं, अंड्यांचे ढीग. वरून फवारलेलं औषध या बटव्यात पोचतच नाही. दुमडलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाकायचे. तिथेच कंपोस्टवर टाकले तर फुलकिडे परत कुंपणावर.

कडुनिंबाच्या बाबतीत भिंगाला मध्यम गुण. पावसाळ्यानंतर शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होऊन वाळतात, तेव्हा संशयित दोन: टी मॉस्किटो नावाचा ढेकूण आणि शेंडेमर करणारी फोमॉप्सिस बुरशी. बऱ्याचदा दोघं एकापाठोपाठ. वाळक्या भागात काही सापडत नाही. वाळका आणि हिरवा जिथे मिळतात तिथली काडी बघायची. हिरव्या सालीवर तपकिरी, खोलगट, लांबट डाग असतील तर ढेकणानं सोंड खुपसली आहे. वाळलेल्या सालीतून काळे बारीक ठिपके वर आले असतील तर बुरशी. ढेकूण स्वतः सडपातळ, लांब पायांचा, पाठीवर टाचणी उभी रोवल्यासारखा. सकाळी लवकर गेलात तर दिसेल, अकरा वाजता नाही. अशी झाडं नव्या पालवीला बहुधा सावरतात, म्हणून वाळलेलं झाड लगेच तोडायचा अर्ज करू नये. त्याउलट मे-जूनच्या पहिल्या वळवानंतर एका रात्रीत कडुनिंब कडेनं कुरतडलेला दिसला तर ते हुमणीचे भुंगेरे. त्याला भिंग नको. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन फांदी हलवा, खाली टपटपतात. गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. खरं नुकसान पुढे त्यांच्या अळ्या हिरवळीच्या मुळांचं करतात.

आता भिंग पूर्ण निरुपयोगी ठरतं ती जागा: खोड. इथे भुशावरून निदान होतं. आंब्याच्या बुंध्याशी जाड, तंतुमय भुसा आणि वर बोट जाईल एवढं भोक म्हणजे खोडकिडा, कोकणातला भिरूड. भुंगेरा चार-पाच सेंटिमीटरचा, लांब मिशांचा. जखमेच्या कडेला अंडी घालतो, म्हणून झाडाला खिळे ठोकणं आणि फलक लावणं थेट आमंत्रण. ताजा भुसा आहे का ते बघायला जुना झाडून टाका आणि दोन दिवसांनी या. नवा पडला असेल तर सायकलचा आरा टोकाला किंचित आकड्यासारखा वाकवून भोकात फिरवा. अळी बाहेर ओढली जाते किंवा आऱ्याच्या टोकाला पांढरट ओल येते. मग भोक मातीनं लिंपा. गुलमोहर, पेरूच्या सालीवर भुसा आणि रेशीम विणलेली तपकिरी फीत दिसली तर साल खाणारी अळी: दिवसा भोकात, रात्री फितीखालून साल कुरतडते. ब्रशनं फीत काढा, तोच आरा भोकात. पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीएवढी पुष्कळ भोकं असतील तर मात्र किडीला दोष देण्याआधी झाडाची मुळं बघा. असे भुंगेरे आधीच खंगलेल्या झाडावर येतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेल्या झाडांच्या यादीशी अशा झाडांची यादी पडताळून बघण्यासारखी असते.

नारळ आणि रॉयल पाममध्ये सोंड्या भुंगा. खोडावरच्या भोकातून तपकिरी, आंबूस वासाचा द्रव आणि चावलेले तंतू. कान लावला तर कधी आत कुरतडल्याचा आवाज. शेंड्याचा सुळका वाकला म्हणजे उशीर झालेला आहे. झावळ्यांवर इंग्रजी व्हीच्या आकाराचे काप असतील तर तो गेंड्या भुंगा. तो स्वतः क्वचितच झाड मारतो, पण त्याच्या जखमेतून सोंड्या शिरतो. हिरवी झावळी तोडताना खोडाला चिकटून न कापता १२० सेंटिमीटर देठ ठेवावा, तोही यासाठीच. सोंड्याचे कामगंध सापळे (भुंग्यांना वासानं ओढणारे) विकणारे सोसायट्यांमध्ये फिरतात. आवारात चार नारळ असतील तर सापळा नारळाला टांगू नका. तो आसपासचे भुंगे बोलावतो, आणि आलेले सगळे बादलीत पडत नाहीत.

भिंगामुळे काही निरपराध सुटतात. बहाव्याची आणि कॅशियाची पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्या, बाजूनं काळ्या ठिपक्यांची रेघ: एमिग्रंट फुलपाखरं. खोट्या अशोकावर खांद्याशी फुगीर, काटेरी शेंगदाण्यासारखी अळी: टेल्ड जे फुलपाखरू. बोगनवेलीच्या पानाला कंपासनं कापल्यासारखे अर्धगोल: पानकापी माशी, घर बांधतेय. खोडावर वाळवीचा मातीचा थर: खरवडा, खाली साल शाबूत आणि टणक असेल तर वाळवी फक्त मेलेली साल खातेय. पोकळ वाजलं तर मात्र गंभीर.

पर्यायांचं थोडक्यात. मोबाईलला चिमटा लावायची मॅक्रो लेन्स: नोंद ठेवायला उत्तम, पण वाऱ्यात हलणाऱ्या पानावर दहातले आठ फोटो वाया. ती भिंगाच्या जोडीला घ्या, भिंगाऐवजी नाही. साठपट एलईडीवाला खिशातला सूक्ष्मदर्शक: करंजाचा कोळी बघायची हौस असेल तरच; पान सपाट दाबावं लागतं आणि तोवर किडा पळतो. कागदी फोल्डस्कोप १४० पट आहे, शिकायला आनंदाचा, पण त्यात खवल्याचं एक टोक दिसतं, खवला दिसत नाही. फोटोवरून कीड सांगणारी ॲप बहुतेक पिकांसाठी बनलेली असतात. शोभेच्या झाडाचा फोटो दिला की जवळच्या पिकाची कीड सांगून मोकळी होतात. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी उडतेय की नाही ते सांगतात, कुठल्या झाडावर आहे ते नाही, आणि त्यात मित्रमाश्याही अडकतात.

भिंगाच्या तक्रारी दोन. बिजागरीचा स्क्रू सहा महिन्यांत सैल होतो. नखपॉलिशचा थेंब टाकला की राहतो. आणि पावसाळ्यात तीन काचांच्या भिंगात कडेनं बुरशीचं जाळं चढतं. जून ते सप्टेंबर ते चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या डबीत ठेवा. कमरेला दोरी बांधून वापरा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ते गवतात पडेल, आणि काळ्या रंगाचं घेतलं असेल तर सापडणार नाही. लाल घ्या.